रिफ आधी तोंडाने म्हणा, मग गिटारवर उतरवा: पॉवर कॉर्ड आणि उजव्या हाताचा रियाज

रॉक किंवा मेटलचा रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारं छोटं वाक्य) बांधायला बसलेला नवा गिटारवादक बहुतेक वेळा डाव्या हातापासून सुरुवात करतो. फ्रेटबोर्डवर इकडे-तिकडे कॉर्ड दाबून बघतो, कुठे काही बरं लागतंय का ते शोधतो आणि तासाभराने कंटाळून आयतं एखादं गाणं वाजवायला लागतो. रिफचा जीव मात्र उजव्या हातात असतो. कुठे जोरात, कुठे दाबून आणि कुठे अजिबात नाही, हे तो हात ठरवतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी हात, मग लय आणि सूर सगळ्यात शेवटी. (तुम्ही डावखुरी गिटार वाजवत असाल तर हात उलटे समजून वाचा.)

इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अ‍ॅम्प असेल तर उत्तम. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोन लावा. अकूस्टिकवरही यातला बहुतेक सराव होतो. पिक थोडं जाड, ०.८ ते १ मिलिमीटरचं घ्या, कारण पातळ पिक जाड तारेवर वाकतं आणि ठोका मागे पडतो. मेट्रोनोमचं कुठलंही मोफत अ‍ॅप चालेल.

पॉवर कॉर्डमध्ये काय असतं

सा, प आणि वरचा सा. बस्स, एवढंच. गंधार नसतो, ना शुद्ध ना कोमल, त्यामुळे ही कॉर्ड मेजरही नाही आणि मायनरही नाही. तानपुऱ्याच्या प-सा-सा-सा या नेहमीच्या जुळणीचा भरीव आवाज ज्याच्या कानात आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

गंधार का गाळायचा, याचं उत्तर डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात आहे. दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्झ, तिचा पंचम १६५ हर्ट्झ. वजाबाकी ५५, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला सा. कॉर्ड भारदस्त वाटते ती या न वाजवलेल्या खर्जामुळे. आता मध्ये शुद्ध गंधार घाला, सुमारे १३९ हर्ट्झ. वजाबाक्या येतात २९ आणि २६, एकमेकींना खेटून बसलेल्या, आणि आवाजाचा चिखल होतो. अ‍ॅम्पवर गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण) वाढवून पूर्ण मेजर कॉर्ड वाजवून बघा, मग तिसरा सूर काढून पुन्हा वाजवा. फरक लगेच कळतो.

डाव्या हाताचा आकार

तर्जनी सहाव्या तारेवर (सगळ्यात जाड) तिसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पट्ट्यांमधलं तिसरं घर), अनामिका पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटवर, करंगळी चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर. ही झाली जी५ (५ म्हणजे पाचवा सूर, पंचम). हाच आकार न मोडता सरकवला की दुसरी कॉर्ड: पाचव्या फ्रेटवर ए५, पहिल्यावर एफ५. मोकळ्या ई५साठी सहावी तार मोकळी सोडा आणि पाचव्या-चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट दाबा. रूट (कॉर्डचा सा) पाचव्या तारेवर घेतला तरी आकार तोच राहतो, फक्त सगळं एक तार पुढे सरकतं.

तर्जनीला इथे दोन कामं आहेत. टोकाने रूट दाबायचा आणि उरलेलं बोट पहिल्या तीन बारीक तारांवर नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे त्या वाजणार नाहीत. रूट पाचव्या तारेवर असेल तेव्हा तर्जनीचं टोक किंचित पुढे काढून सहाव्या तारेलाही स्पर्श करू द्या. मग उजवा हात सहाही तारांवरून बिनधास्त फिरवा, ऐकू येतील त्या तीनच. हे साधल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवशिक्याचा रिफ गचाळ वाटतो तो चुकीच्या सुरांमुळे फारसा नाही, या नको असलेल्या तारांच्या आवाजामुळे जास्त.

ब्लॅक सॅबथ या बँडच्या टोनी आयोमीने बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या मधल्या आणि तिसऱ्या बोटाची टोकं गमावली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात हाच. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या त्याने बोटांना लावल्या, हलक्या तारा वापरल्या आणि या साध्या आकारांवर आपली वादनशैली उभी केली. हेवी मेटल म्हणतात ते संगीत बऱ्याच अंशी तिथून सुरू झालं. त्यामुळे दोन-तीन बोटांची कॉर्ड म्हणून हिला कमी लेखू नका.

पाम म्यूट

उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजला (तारा गिटारच्या अंगावर टेकतात ती पट्टी) लागून, तारा ब्रिजवरून निघतात तिथेच हलकी टेकवा आणि सहावी तार वाजवा. मोकळ्या तारेचा लांब ‘ढंऽऽ’ जाऊन आखूड, गोल ‘धग्’ यायला हवा. नुसताच ‘टक’ आला आणि सूर ओळखू येईना, तर हात गळ्याच्या दिशेने फार पुढे गेला आहे. तार नेहमीसारखीच घुमत राहिली, तर तो फार मागे, ब्रिजवरच बसला आहे. मधली जागा काही मिलिमीटरचीच असते आणि ती प्रत्येक गिटारवर थोडी वेगळी असते. हात नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. दाबला की सूर चढतो, तरंगत्या ब्रिजच्या गिटारवर तर फारच.

आता गेन. आवाज जाड हवा म्हणून गेन पूर्ण फिरवायचा मोह होतो, पण गेन जितका जास्त तितका ठोक्याठोक्यातला फरक पुसला जातो. १९५८ साली गिटारवादक लिंक रे याने ‘रंबल’साठी अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये ‘यू रिअली गॉट मी’साठी किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. आजच्या एखाद्या साध्या पेडलपुढेही ते डिस्टॉर्शन सौम्य वाटेल, तरी दोन्ही रेकॉर्डिंग आजही अंगावर येतात, कारण हाताचा प्रत्येक ठोका त्यात सुटा ऐकू येतो. माझा सल्ला: आठवडाभर हे सगळं क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या) आवाजावर वाजवा. मग गेन वाढवत न्या आणि म्यूट व मोकळा ठोका यांतला फरक कमी व्हायला लागला की तिथून थोडा मागे आणा.

रोजचा रियाज

मेट्रोनोम ८० वर. प्रत्येक टिकटिकीत दोन ठोके, म्हणजे चार मात्रांत आठ. सहावी मोकळी तार, पाम म्यूट, सगळे डाउनस्ट्रोक. हात मनगटातून हलवा, कोपरातून नको, आणि पिक तारेपासून फार लांब जाऊ देऊ नका. दोन मिनिटं सलग वाजवा. आठही ठोके एकसारखे येणं ऐकायला सोपं वाटतं, पण रेकॉर्ड करून ऐकलं की सत्य कळतं.

सगळे डाउनस्ट्रोकच का? खाली येणारं पिक आधी जाड तारेला लागतं, वर जाणारं आधी बारीक तारेला. एक खाली, एक वर असं वाजवलं की ठोक्यांचा रंग आलटून-पालटून बदलतो. रॅमोन्सचा जॉनी रॅमोन, मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड यांच्या वादनातला धडाका या सलग डाउनस्ट्रोकमधूनच येतो. वेग आठवड्याला चार-पाच बीपीएमपेक्षा (मिनिटाला टिकटिकी) जास्त वाढवू नका. पुढचा हात जड होणं स्वाभाविक आहे. मनगटात कळ आली तर त्याच क्षणी थांबा आणि दुसऱ्या दिवशी कमी वेगावर या.

दुसरा पाठ मोकळ्या ठोक्यांचा. तेच आठ ठोके, पण पहिल्या आणि पाचव्याला तळहात उचलून पूर्ण ई५ वाजू द्या, बाकी सहा म्यूट. हात उचलणं आणि परत त्याच जागी टेकणं, हेच खरं कौशल्य. मग मोकळे ठोके दुसऱ्या-सहाव्यावर न्या. मग चौथ्या-आठव्यावर. हे शेवटचं अवघड जाईल, पण त्यात सगळ्यात जास्त फायदा आहे.

तिसरा पाठ ‘गॅलप’. तबल्याचे बोल तोंडात असतील तर ‘धा तिट धा तिट’ म्हणा: ‘धा’ला अर्धी मात्रा, ‘ति’ आणि ‘ट’ला पाव-पाव. ‘धा’ डाउन, ‘ति’ डाउन, ‘ट’ अप. अपस्ट्रोक इथे पहिल्यांदा येतो आणि तो सहसा बारीक पडतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष द्या. ‘तिट धा, तिट धा’ असं उलटं केलं की चाल पूर्ण बदलते.

आता रिफ

गिटार बाजूला ठेवा. टाळी देत किंवा पायाने ठेका धरत आठ अर्ध्या मात्रांचं एक वाक्य तोंडाने म्हणा. ‘धं’ म्हणजे मोकळी कॉर्ड, ‘त’ म्हणजे म्यूट. उदाहरणार्थ:

धं त त – धं त त – धं त

तीन, तीन, दोन. जगभरच्या लोकसंगीतात आणि नृत्यसंगीतात ही विभागणी सापडते. पहिला ‘धं’ समेवर, दुसरा दोन मात्रांच्या मधोमध, तिसरा चौथ्या मात्रेवर. हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता यायला हवं. मगच गिटार घ्या आणि सगळे ‘धं’ एकाच ई५ वर वाजवा. एका कॉर्डवरही मान डोलायला लागली तर वाक्य चांगलं आहे. डोलत नसेल तर वाक्य बदला. ते कॉर्ड बदलून सुधारणार नाही.

आता सूर. सहाव्या तारेची मोकळी ई हा सा धरला, तर पहिला फ्रेट कोमल रे, तिसरा कोमल ग, पाचवा शुद्ध म, सहावा तीव्र म, सातवा प, आठवा कोमल ध, दहावा कोमल नि. सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच घेतले तर धानी रागाचे स्वर मिळतात. पाश्चात्त्य वादक त्याला मायनर पेंटाटोनिक म्हणतात आणि रॉकचे असंख्य रिफ त्यावर बांधलेले आहेत. कोमल रे आणला की आवाज काळवंडतो, तीव्र म आणला की अस्वस्थ होतो. हे दोन जपून वापरा. डीप पर्पलच्या १९७२च्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ आठवा: सा, कोमल ग, दोन्ही मध्यम, फक्त चार स्वर. (बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर तो पंचमाच्या जोडीत वाजवत नाही, जोडी उलटी करून मध्यमाच्या अंतराने वाजवतो, तोही पिकऐवजी बोटांनी.)

वरच्या वाक्यात सूर घालू. प्रत्येक स्वर म्हणजे त्या फ्रेटवरची पॉवर कॉर्ड; ग आणि रे कोमल. ‘त’ म्हणजे मोकळी सहावी तार, म्यूट. शून्य म्हणजे पूर्ण शांतता:

१) सा त त ग त त सा त
२) सा त त म त त ग त
३) सा त त ग त त सा त
४) सा त त रे त त ० ०

पहिली ओळ विधान करते, दुसरी थोडी पुढे जाते, तिसरी पुन्हा पहिलीच. नवं काही वाटायला आधी जुनं कानात बसावं लागतं, म्हणून तिसरी ओळ बदलायचा मोह टाळा. चौथ्या ओळीत कोमल रे येतो. तो सा पासून एकाच फ्रेटवर असल्यामुळे कान परत सा मागतो, आणि तेवढ्यात आपण थांबतो. ही शेवटची दोन शून्यं रिफमधली सगळ्यात महत्त्वाची जागा. तिथे खरंच काही ऐकू येता कामा नये: डाव्या हाताचा दाब सैल करा पण बोटं तारांवरच राहू द्या, आणि उजवा तळहात सगळ्या तारांवर पसरून ठेवा. फक्त एकाच हाताने थांबवलं तर डिस्टॉर्शनमध्ये मागे शिट्टी किंवा घरघर राहते.

७० वर सुरुवात करा. जमलं की एकेक गोष्ट बदलून बघा: समेवरचा पहिला ‘सा’ गाळून तिथे शून्य ठेवा; किंवा एखाद्या ‘त’च्या जागी ‘तिट’ घाला; किंवा चौथ्या ओळीत रे ऐवजी तीव्र म. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय उपयोगी पडलं ते कळणार नाही.

प्रत्येक रूप फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ते न ऐकता गुणगुणून बघा. तोंडात न येणारा रिफ टाकून द्या, कितीही अवघड आणि दिमाखदार असला तरी.

सोबत ड्रमर असेल तर त्याला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या, चौथ्या आणि सातव्या ठोक्यावर द्यायला सांगा, स्नेअर (काठीने वाजवायचा खणखणीत ड्रम) नेहमीप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला सातवा ठोका म्हणजेच चौथी मात्रा, त्यामुळे तिसरा ‘धं’ स्नेअरवर जाऊन आदळतो आणि रिफला धार येते. दुसरा गिटारवादक तेच वाजवत असेल तर दोघांनीही गेन आणखी कमी करा.

आवाज अजून खाली न्यायचा असेल तर ड्रॉप डी करून बघा: फक्त सहावी तार ई वरून डी वर उतरवा. मग सहावी, पाचवी आणि चौथी तार एकाच फ्रेटवर एका बोटाने दाबली की पॉवर कॉर्ड होते, आणि वरचा रिफ त्याच फ्रेटवर, म्हणजे ० (इथे मोकळी तार), ३, ५, १ वर, जसाच्या तसा वाजतो. तार सैल झालेली असते, म्हणून म्यूटचा हात आणखी हलका ठेवा. कायम याच जुळणीत राहणार असाल तर १० ऐवजी ११ गेजचा, म्हणजे थोड्या जाड तारांचा संच चढवा आणि त्यानंतर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते) एकदा तपासून घ्या.