उत्खननाची बातमी आली की आधी काय बघायचं

'अमुक हजार वर्षं जुनं सापडलं' असं दिसलं की पहिलं बघा वस्तू मातीच्या कुठल्या थरात होती ते, कारण उंदीर-घुशी बिळं करतात, झाडांची मुळं खोल जातात आणि वरचं खाली सरकतं. बाजारातून आलेली, थराची नोंदच नसलेली वस्तू असेल तर माझ्या मते तिच्यावर इमले बांधूच नका.

मग तारीख. रेडिओकार्बन, म्हणजे कोळसा, धान्य अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं वय त्यातल्या कार्बनवरून काढायची पद्धत, साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालतं आणि चुलीतला कोळसा तपासला तर ते सांगतं त्या लाकडाची वलयं कधी वाढली ते, चूल कधी पेटली ते नाही, म्हणजे जुन्या खोडाचा गाभा जाळला असेल तर वय शेकडो वर्षांनी जास्त येऊ शकतं. म्हणून कोळशापेक्षा जळालेलं धान्य बरं, ते एकाच वर्षाचं असतं. आकडा कॅलिब्रेट केलाय का, म्हणजे कच्च्या मोजमापावरून दुरुस्त करून खऱ्या कॅलेंडर वर्षांत आणलाय का, तेही बघा, आणि एकाच नमुन्यावर सगळं उभं असेल तर थांबा.

आता शोधनिबंध. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची कवटी माणसाच्या पूर्वजाची म्हणून 1912 ला जाहीर झाली, बनावट ठरली 1953 ला!! माणसाची कवटी अन् ओरांगउटानचा जबडा, आणि अभ्यासकांच्या हातात बहुतेक वेळा मूळ हाडं नाहीत, फक्त त्यांच्या साच्यातून काढलेल्या नकला. तेव्हा कच्चा डेटा, थरांची रेखाटनं, लॅब नंबर (प्रयोगशाळेने तारखेच्या प्रत्येक नमुन्याला दिलेला क्रमांक) सोबत दिलेत का ते शोधा. खोदलेला थर परत खोदता येत नाही ना, मग नोंदी कपाटात ठेवून नुसते निष्कर्ष छापायचे हे मला पटतच नाही. स्वतः लिहिणार असाल तर प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा) ऑनलाइन टाका, डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना बघता येईल अशा ऑनलाइन साठ्यात ठेवा, फक्त लुटारूंना वाट दाखवणारं नेमकं लोकेशन तेवढं गाळा.