दूध संकलन आणि वाहतुकीचा परवाना: अर्ज भरण्याआधी लिटर मोजा

दुधाच्या धंद्यात परवान्याची चौकशी करणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न फीचा विचारतो आणि दुसरा एजंटचा. खरे तर आधी उत्तर शोधायला हवे ते याचे, की वर्षातल्या सर्वांत जास्त दुधाच्या दिवशी आपल्या हातून किती लिटर दूध जाते. कोणता अर्ज भरायचा, तो कोणाकडे जाणार, सोबत कोणते कागद लागणार, हे बहुतांशी त्या आकड्यावर ठरते. आणि नेमका तोच आकडा अर्जात अंदाजपंचे लिहिला जातो.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ३१ नुसार परवान्याशिवाय अन्नव्यवसाय सुरू करता येत नाही, आणि छोट्या व्यावसायिकाला परवान्यातून सूट असली तरी नोंदणी करावीच लागते. याबाबतची तपशीलवार नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. त्याआधी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आणि मोठ्या डेअऱ्यांसाठी १९९२ चा दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश (इंग्रजी आद्याक्षरांत एमएमपीओ) होता. जुन्या दूधसंघांच्या कपाटात 'एमएमपीओ' अशी पाटी लावलेली फाइल अजून सापडते, पण त्या नोंदणीच्या जोरावर आज कोणालाही दूध हाताळता येत नाही. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. राज्य परवाना पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे सहायक आयुक्त (अन्न), देतात. केंद्रीय परवाना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडून, म्हणजे एफएसएसएआयकडून, मिळतो.

आपण साखळीत नेमके कुठे आहोत

गोठ्यातून दूध काढणारा शेतकरी शेतकरी म्हणून या कायद्याच्या कक्षेत येत नाही. सहकारी दूधसंस्थेचा नोंदणीकृत सभासद असलेल्या उत्पादकालाही नोंदणीतून स्पष्ट सूट आहे, मात्र तिला एक अट आहे आणि ती अट बरेच जण वाचत नाहीत: त्याने आपले सर्व दूध त्या संस्थेलाच घातले पाहिजे. सकाळचे दूध संस्थेला आणि संध्याकाळचे तालुक्याच्या गावातल्या हॉटेलला किंवा घरोघरच्या रतिबाला जात असेल, तर ही सूट उरत नाही. अशा उत्पादकाने निदान नोंदणी करून घेणे शहाणपणाचे आहे. ती स्वस्त असते आणि हॉटेलवालाही पुढे ती मागणारच आहे.

त्यानंतर लिटरचा हिशेब येतो. २०११ च्या नियमावलीनुसार दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध गोळा करणाऱ्या किंवा हाताळणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी नोंदणी आहे. ५०१ ते ५०,००० लिटरपर्यंतच्या डेअरीला आणि शीतकरण केंद्राला राज्य परवाना लागतो, तर त्यावरच्या क्षमतेला केंद्रीय परवाना. दूधभुकटीसारखे पदार्थ करणाऱ्यांसाठी हीच मोजणी वर्षाच्या घन पदार्थांच्या टनांत होते: अडीच ते २,५०० टन राज्याकडे, त्यापुढे केंद्राकडे. वाहतूकदाराची मोजणी मात्र लिटरमध्ये होत नाही. तिथे गाड्यांची संख्या आणि उलाढाल पाहतात. १०० पर्यंत वाहने किंवा ३० कोटी रुपयांपर्यंतची वार्षिक उलाढाल असेल तर राज्य परवाना, त्याहून जास्त असेल तर केंद्रीय. या नियमावलीत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या परवाना-नोंदणीच्या संकेतस्थळावरचा पात्रता तक्ता उघडून आपला वर्ग त्यात ताडून घ्यावा.

आता समजा, एका संकलन केंद्रावर उन्हाळ्यात रोज ४३० लिटर दूध येते. मालक एप्रिलमध्ये अर्ज करतो आणि प्रामाणिकपणे ४३० हाच आकडा लिहून नोंदणी मिळवतो. हिवाळ्यात म्हशी व्यायल्यावर तेच संकलन ६५० लिटरवर जाते. मालकाने खोटे काहीच लिहिलेले नाही, तरीही डिसेंबरमध्ये तपासणी झाली तर तो परवान्याशिवाय व्यवसाय करणारा ठरतो, कारण केंद्राचे संकलन रजिस्टर आणि फॅट-एसएनएफच्या, म्हणजे दुधातले स्निग्धांश आणि इतर घन पदार्थ मोजणाऱ्या, यंत्रातून निघालेल्या पावत्याच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतात. म्हणून आकडा पुष्टकाळातला घ्यावा, कृशकाळातला नव्हे.

आकड्याइतकीच व्यवसायाच्या प्रकाराची निवड महत्त्वाची असते. बल्क कूलर बसवून दूध थंड करणारा हा डेअरी व शीतकरण या वर्गात मोडतो. दुसऱ्याचे दूध टँकरने फक्त इकडून तिकडे नेणारा वाहतूकदार असतो. सीलबंद पिशव्या घेऊन दुकानांना पुरवणारा हा घाऊक विक्रेता किंवा वितरक ठरतो. एकच माणूस ही तिन्ही कामे करत असेल तर तिन्ही प्रकार अर्जात दाखवावे लागतात. कामाच्या जागा वेगवेगळ्या पत्त्यांवर असतील तर प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा. मुख्य केंद्राच्या परवान्यावर शेजारच्या गावातला कूलर चालवता येत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज फॉस्कॉसवर ऑनलाइन भरायचा असतो. नोंदणीसाठी नमुना अ आणि परवान्यासाठी नमुना ब आहे. नोंदणीचे काम सोपे आहे. छायाचित्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि व्यवसायाची थोडक्यात माहिती एवढ्यावर ते भागते.

परवान्याच्या अर्जाला मात्र वेळ द्यावा लागतो. जागेचा आराखडा मीटर आणि चौरस मीटरमध्ये मापे दाखवणारा हवा, आणि त्यात कोणत्या भागात कोणते काम होते हेही दिसले पाहिजे. कॅन उतरवण्याची जागा, नमुना तपासणीचे टेबल, कूलर, कॅन धुण्याची जागा आणि सांडपाण्याचा निचरा हे सगळे त्यावर वेगवेगळे दाखवावे. यंत्रसामग्रीच्या यादीत प्रत्येक यंत्राची संख्या, क्षमता आणि अश्वशक्ती लिहावी लागते. जागेच्या ताब्याचा पुरावा, भागीदारीपत्र किंवा मालकीचे प्रतिज्ञापत्र, सहकारी संस्था असल्यास तिच्या नोंदणीची प्रत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाण्याचा रासायनिक व जीवाणूविषयक अहवाल, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा आणि जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा नमुना ९ ही बाकीची यादी.

दुधासाठी यात आणखी एक कागद असतो: दूध कोठून येते त्याचा, म्हणजे संकलनाचा आराखडा. त्यात गावे, केंद्रे आणि प्रत्येक ठिकाणचे अंदाजे लिटर येतात. या आराखड्याची बेरीज, यंत्रांच्या यादीतली कूलरची क्षमता आणि अर्जात लिहिलेली दैनिक क्षमता हे तीन आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. गावांची बेरीज ३,२०० लिटर, कूलर २,००० लिटरचा आणि अर्जात १,८०० लिटर असे दिसले, की अधिकारी अर्ज खुलाशासाठी परत पाठवणार हे नक्की. दोन वेळचे संकलन एकाच कूलरमधून फिरत असेल तर तसे शब्दांत लिहावे, म्हणजे तो प्रश्नच निघत नाही.

२०११ च्या नियमावलीतील परिशिष्टानुसार शुल्क वर्षाला असे आहे: नोंदणीसाठी १०० रुपये, वाहतूकदाराच्या राज्य परवान्यासाठी २,००० रुपये, दिवसाला १०,००० लिटरपर्यंतच्या डेअरीसाठी ३,००० रुपये, त्यापुढे ५०,००० लिटरपर्यंत ५,००० रुपये आणि केंद्रीय परवान्यासाठी ७,५०० रुपये. लागू रक्कम संकेतस्थळच अर्जाच्या शेवटी दाखवते, त्यामुळे कोणी त्याहून जास्त मागितले तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी शुल्क नव्हे.

नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय किंवा तपासणीचा आदेश अपेक्षित असतो. परवान्याच्या बाबतीत पूर्ण अर्ज पोचल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. अधिकाऱ्याने त्रुटी काढली तर तिची पूर्तता ३० दिवसांत करावी लागते, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. त्रुटीची सूचना अर्जात दिलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येते. तिथे एजंटचा नंबर दिलेला असेल तर ती सूचना मालकापर्यंत कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून या दोन रकान्यांत मालकाचाच नंबर आणि मालकाचाच ईमेल असावा.

तपासणीत काय पाहतात

नियमावलीच्या परिशिष्ट ४ मधील तिसरा भाग खास दूध व दुग्धजन्य पदार्थांसाठी आहे. त्यातली पहिली ठळक गोष्ट कॅनची. मऊ पोलादाचे आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य नसलेल्या प्लॅस्टिकचे कॅन चालत नाहीत. रंगाच्या किंवा रसायनाच्या रिकाम्या पिंपांतून दूध नेण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि तपासणीच्या दिवशी तीच सर्वांत आधी नजरेत भरते. उत्पादक स्वतः डेअरीवर दूध आणत असेल तर ते धारा काढल्यापासून चार तासांच्या आत पोचले पाहिजे आणि ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली थंड केले पाहिजे. डेअरी रोज उत्पादकाकडून दूध गोळा करत असेल तर ते लगेच ४ ते ६ अंशांपर्यंत किंवा त्याखाली आणून प्रक्रिया होईपर्यंत त्याच तापमानात राखायचे असते. वीज जाते तेव्हा जनित्र किती मिनिटांत सुरू होते आणि त्या वेळचे तापमान कोण लिहून ठेवतो, याचे उत्तर तयार ठेवावे.

टँकर तपासताना अनुभवी माणूस आधी टाकीत डोकावत नाही. तो मागच्या बाजूला जाऊन दूध सोडण्याची झडप उघडायला सांगतो. झडपेच्या रबरी वायसरखाली पिवळट सायीचा थर बोटाला लागला, तर टाकी धुतल्याचे रजिस्टर कितीही नीट भरलेले असले तरी त्याला अर्थ उरत नाही. धुण्याच्या प्रत्येक वेळी वायसर काढून स्वतंत्र घासावे आणि तशी ओळ रजिस्टरमध्ये असावी. झाकणाला आणि झडपेला लावलेल्या सीलचे क्रमांक, दूध भरल्याची वेळ, भरतानाचे तापमान आणि रिकामे करतानाचे तापमान हे सगळे चलनावर उतरले पाहिजे. दूध नासले किंवा नमुना नापास झाला, तर दोष केंद्राचा की वाहतूकदाराचा हे त्या चलनावरूनच ठरते. परवान्याची प्रत गाडीत ठेवावी. भाड्याचा टँकर घेणाऱ्याने वाहतूकदाराचा परवाना करार करण्याआधी पाहावा.

दूध हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या आजारांवरचे लसीकरण झालेले हवे. त्याचे दाखले केंद्रावरच असावेत, मालकाच्या घरी नकोत.

बाकीच्या परवानग्या

अन्न परवाना मिळाला म्हणजे सगळे झाले असे नाही. काटा आणि मापे यांची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून मुद्रांकन घ्यावे लागते. डेअरी आणि प्रक्रिया केंद्राला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, कारण दुधाचे सांडपाणी नाल्याला लागले की गावाची तक्रार यायला वेळ लागत नाही. गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी हे परिवहन विभागाचे कागद वेगळेच. एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटमधून सूट आहे, टँकरला बहुधा ती मिळत नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी (२०२५ च्या सुधारणेआधी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार केवळ सूचना द्यावी लागते.

परवाना हातात आल्यावर

परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो १ ने सुरू होत असेल तर परवाना आणि २ ने सुरू होत असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे १५. समोरच्याने दिलेला क्रमांक फॉस्कॉसवर टाकून पाहता येतो, आणि तो पाहावाच, कारण माल फक्त परवानाधारक किंवा नोंदणीधारकाकडूनच घ्यावा, त्यांनाच विकावा आणि त्याची नोंद ठेवावी, ही परवान्याची अटच आहे. मूळ परवाना दर्शनी भागात लावावा. दुधाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून दर सहा महिन्यांनी निदान एकदा करून अहवाल जपून ठेवावा. डेअरीला मागील आर्थिक वर्षाचे विवरण, नमुना डी-१, ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावे लागते. नवा कूलर, नवी जागा किंवा भागीदारीत बदल झाला तर परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी.

घरगुती धंद्यात परवाना बहुधा वडिलांच्या नावावर असतो. परवानाधारकाचा मृत्यू झाला तर तो परवाना कुटुंबीयांसाठी तीन महिने चालू राहतो. पदनिर्देशित अधिकारी ही मुदत वाढवूही शकतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून तेवढ्या काळात नाव बदलण्याचा अर्ज करावा.