फोल्डरचं नाव बदललंत? आधी बॅकअपच्या डिस्कवरही बदला

लातूरला आमच्या फोटो स्टुडिओत लग्नसराई आटोपली की ‘नवीन’ फोल्डरचं नाव ‘लग्नं मे’ करतो. आत १८० जीबी फोटो, एकालाही हात लावलेला नसतो. तरी रात्री आरसिंक (नव्या-बदललेल्या फाइल बॅकअपच्या डिस्कवर कॉपी करणारं सॉफ्टवेअर) लावलं की सगळं पहिल्यापासून कॉपी व्हायला लागतं, आणि त्यात लाईट गेली की संपलंच! आरसिंक फाइल ओळखतं ती जागेवरून आणि नावावरून. पत्ता बदलला की त्याच्या लेखी ती नवीच. डिलीटचा पर्याय दिला नसेल तर जुनी प्रतही तशीच पडून राहते, डिस्क दुप्पट भरते.

म्हणून आरसिंक लावण्याआधी बॅकअपच्या डिस्कवरचा फोल्डरही हाताने रिनेम करा. अगदी हुबेहूब, ‘मे’च्या पुढे एक स्पेस जास्त पडली तरी तो वेगळा फोल्डर. मग ड्राय रन (खरी कॉपी न करता काय कॉपी होईल ते दाखवणारी चाचणी) करून यादी बघा. ती छोटी दिसली की खुशाल एंटर दाबा.

रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे मुळीच करू नका. ती फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा नावावरून नाही, आतल्या डेटावरून ओळखतात. हलवलेल्या फाइल पुन्हा वाचण्यात वेळ जातो, पण जागा जवळपास वाढत नाही. त्यांच्या रिपॉझिटरीत (बॅकअप साठवलेल्या फोल्डरात) हात घातलात तर मात्र बॅकअपच बिघडेल.