जुन्या जिप्सीला दोन इंच लिफ्ट: पाटे बदलले की काय काय मागे लागते

लिफ्ट किट बसवली की गाडी सगळीकडून उंच होते, हा समज पहिल्यांदा काढून टाका. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलले की चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि बॉडी वर जाते. एक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) आणि त्यावरचा डिफरेन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा होता तेवढ्याच उंचीवर राहतो. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्माच. पावसाळ्यात विदर्भाच्या काळ्या मातीत गाडी फसते ती बहुधा चिखलाने भरून गुळगुळीत झालेल्या टायरमुळे. तेव्हा बजेट तुटपुंजे असेल तर आधी टायर घ्या. लिफ्टचा खरा उपयोग म्हणजे मोठ्या टायरला जागा मिळते आणि नाला-बांध ओलांडताना पोट घासत नाही. मारुती जिप्सीला त्यासाठी ५० मिमी पुरतात. पाटे एक्सलच्या वर घेऊन याच्या दुपटीहून जास्त उचलणे हे वेल्डिंगचे आणि नव्या स्टीअरिंग जोडणीचे काम आहे, ते घरच्या अंगणात करू नये.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. गाडी एमएच-३१ असो, ४० असो की ४९, आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागते आणि तिथे गाडी तपासली जाते. म्हणून जुने पाटे भंगारात देऊ नका, ग्रीस लावून ठेवा. पर्यटनाच्या परवान्यावर ताडोबा-पेंचला चालणारी जिप्सी असेल तर हा नाद सोडाच.

सामान एकदम आणा. चार पाटे, शॅकलच्या (पाट्याचे हलते टोक चेसीला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) चार जोड्या, पाटा एक्सलला बांधणारे आठ नवे यू-बोल्ट आणि त्यांचे सोळा नट, चार लांब शॉकअप, पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन लांब ब्रेक होज, ब्रेक ऑइल. बुश (बोल्टाभोवतीचे रबर) मोजताना लोक चुकतात: प्रत्येक पाट्याला दोन टोके आणि शॅकलचा चेसीकडचा डोळा, म्हणजे तीन जागा, चार पाट्यांच्या बारा. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही.

पैसे वाचवायला नुसते लांब शॅकल लावण्याची पद्धत आहे. शॅकल मूळपेक्षा जितका लांब, गाडी त्याच्या निम्मीच उचलते. शिवाय जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने ते टोक खाली जाते, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या खिळीचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग स्टीअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भरकटते. उपाय म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली आहे, त्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे ठेवायची. उलटी बसली तर दुखणे दुप्पट. जुन्याच पाट्यांना कमान मारून घेण्याचा मार्गही आहे. नागपूरलगतच्या वाडीकडे ट्रकचे पाटे बांधणाऱ्यांकडे ते होते. पण नुसती थंड ठोकून दिलेली कमान काही महिन्यांत बसते. भट्टी आणि पाणी (तापवून विझवणे) दोन्ही नीट दिले जाणार असेल तरच करा.

कामाच्या आठवडाभर आधीपासून सगळ्या बोल्टांवर रोज गंज सोडवणारे तेल मारा. मग सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. जुन्या गाडीत एक बाजू बसलेली निघते. ही मोजमापे नसतील तर किटने खरेच किती उचलले ते कधीच कळत नाही.

जागा सिमेंटची हवी. नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर गाडी पेलणारा स्टँड लावला तर त्याचा पाय हळूहळू रुततो, आणि माणूस गाडीखाली असताना हे व्हायला नको. दुसरी जागाच नसेल तर स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट टाका आणि पहाटेच काम उरका.

एका वेळी एकच एक्सल घ्या. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, हॅन्डब्रेकवर विसंबू नका. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. चेसी स्टँडवर, एक्सल जॅकवर. शॉकअप काढा, ब्रेक होजची क्लिप सोडवा, प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खडूने खूण करून तोही उतरवा. मग यू-बोल्ट सोडून एक्सल इंच-इंच खाली घ्या. एक्सल होजवर लोंबकळला की होज आतून फाटतो, बाहेरून काहीच दिसत नाही.

अडतात ते पाट्याचे बोल्ट. बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी जवळ आहे, तिथे गॅस कटर अजिबात नको. ग्राइंडरची ठिणगीसुद्धा धोक्याचीच, म्हणून हातकरवतीने कापा किंवा टाकी उतरवूनच ग्राइंडर चालवा.

नवा पाटा आधी स्थिर टोकाला, मग शॅकलला लावा. नट फक्त हाताने. पाट्याच्या पात्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या खाचेत पूर्ण बसले आहे ना हे बोटाने चाचपून बघा. कडेवर बसले असेल तर यू-बोल्ट कितीही आवळा, एक्सल तिरकाच राहतो. यू-बोल्ट कर्णरेषेत थोडे-थोडे आवळा, चारही टोकांना आटे सारखे दिसले पाहिजेत. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधून किंवा किटच्या कागदावरून घ्या.

पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून बसल्यावरच घट्ट करायचे. लोंबत्या अवस्थेत घट्ट केले तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो, खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नव्या किटवर ‘फार कडक आहे’ अशी जी तक्रार असते, तिचे मूळ अनेकदा इथे असते.

आता शेपूट, म्हणजे पाट्यांमागून येणारी कामे. एक्सल पूर्ण लोंबता ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, ब्रेक होज कुठेही ताणला जाता कामा नये. त्याच अवस्थेत प्रोपेलर शाफ्टची सरकती जोडणी पुरेशी आत आहे का ते बघा. समजा शाफ्ट ६० सेंटीमीटरचा आहे, तर ५ सेंटीमीटर लिफ्टने त्याचा कोन जवळजवळ ५ अंश वाढतो. शाफ्टची दोन टोके, म्हणजे ट्रान्सफर केसचे (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) आउटपुट आणि डिफरेन्शियलचा पिनियन, एकमेकांना समांतर नसतील तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. शॉकअपचे उलटे: बंप स्टॉप (एक्सलला वर अडवणारे रबर) टेकण्याआधी शॉकअप पूर्ण दबत असेल तर तो फुटणारच.

मागच्या ब्रेकला भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर विसरू नका. लिफ्टमुळे एक्सल चेसीपासून लांब गेला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागचा दाब कमी करतो आणि थांबायचे अंतर वाढते. त्याचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा लागतो. मग ब्रेकची हवा काढा, ड्रॅग लिंक (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून स्टीअरिंग मध्यावर आणा, हेडलाइट खाली करा, अलाइनमेंटला न्या.

पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर ४०च्या वेगाने. पुढची चाके थरथरू लागली तर दोष लगेच किटला देऊ नका. किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग हलवून बघा. जुन्या जिप्सीत तेच ढिले असतात, लिफ्टने फक्त ते उघडे पडते. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर सगळे यू-बोल्ट टॉर्क पान्याने तपासा.