मोहल्ला कमिटी कशी उभी करायची: दंगलीच्या आधीचं काम

दंगल अचानक पेटली असं आपण म्हणतो, पण भिवंडीचंच बघा, ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे झालं त्याच्या आधीची काही वर्षं मार्ग, गुलाल, घोषणा यावरून धुसफूस चालूच होती आणि सगळ्यांना दिसत होती. १९८४ ला परत पेटलं. मग १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना तीच भिवंडी शांत राहिली, कारण पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याच्या काही वर्षं आधीपासून तिथं मोहल्ला कमिट्या, म्हणजे गल्लीतले हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस मिळून बसतात त्या समित्या, बसवल्या होत्या. आधीपासून, हे महत्त्वाचं. दंगल झाल्यावर स्टेजवर हार घालून बसते ती शांतता कमिटी वेगळी, तिचा काही उपयोग होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास केला, त्यात दिसलं की खूपसे मृत्यू मोजक्याच शहरांत होतात, खेड्यांत फार कमी. उत्तर प्रदेशातलं अलीगढ पेटतं आणि केरळातलं कालिकत (कोझिकोड) टिकतं, कारण कालिकतमध्ये व्यापारी संघटना, युनियन, क्लब हे दोन्ही समाजांचे मिळून आहेत. म्हणजे नुसता शेजार पुरत नाही, एकत्र काम लागतं.

म्हणून माणसं निवडताना पुढारी नकोत. चहावाला, रिक्षावाला, शिक्षिका, लूमवाला, सुताचा व्यापारी अशी रोज गल्लीत दिसणारी माणसं घ्या, दोन्ही समाजांची सारखी, आणि बायका हव्याच, घरातला पोरगा रात्री कुठं जातो ते आईलाच आधी कळतं. बीटचा, म्हणजे त्या भागाच्या गस्तीचा, हवालदार प्रत्येक मीटिंगला पाहिजे, साहेब नाही आले तरी चालेल. सुरुवात धर्मावरून करूच नका, गटार, नळाचं पाणी, पार्किंग, टेम्पो उभा करायची भांडणं यावर बसा, भांडा, सोडवा. नळावरून एकदा समोरासमोर भांडलेली माणसं नंतर एकमेकांचा फोन उचलतात हो.

मग एक साधी वही ठेवा. तारीख, जागा, काय ऐकलं, कुणी खातरजमा केली, बस. नवीन कमान किंवा झेंडा, पोरीच्या छेडछाडीला दिलेला जातीधर्माचा रंग, एकाच दुकानावर बहिष्काराचे मेसेज, बाहेरून येऊन राहिलेली अनोळखी पोरं, निवडणूक जवळ आली की वाढलेली भाषणं, सगळं लिहायचं. एकटी नोंद काही सांगत नाही पण पंधरा दिवसांत एकाच कोपऱ्यावरच्या चार नोंदी आल्या तर त्याच संध्याकाळी तिथं जाऊन बसायचं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं.

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी मंडळाचा अध्यक्ष आणि मशिदीचे ट्रस्टी यांना घेऊन पूर्ण मार्ग पायी चाला. नमाजची वेळ कुठं आडवी येते, डीजे कुठल्या खांबापासून बंद, गुलाल कुठं थांबवायचा, दगड-विटांचा ढीग कुठं पडलाय तो आधी उचलायचा, सगळं जागेवर ठरवायचं, कागदावर नाही. मशिदीच्या कोपऱ्यावर दोन्हीकडची पाच-पाच ओळखीची माणसं उभी करा, पोरं वर्दीला नाही ऐकली तरी आपल्या काकाला ऐकतात.

अफवेचा मेसेज आला की "खोटं आहे" असं लिहून उपयोग नाही, त्या ठिकाणी राहणाऱ्या मेंबरला फोन करून आत्ता काय दिसतंय ते त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. दगडफेक सुरू झालीच तर मध्ये पडू नका, ११२ ला फोन लावा आणि म्हातारी माणसं, पोरं घरात घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग लावा, ठरलेल्याच जागी.