लॅपटॉपच्या पडद्यावर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच कसे खेळाल?

प्लेस्टेशनची एचडीएमआय केबल थेट लॅपटॉपला जोडली तर पडद्यावर काहीच येत नाही. केबल खराब नसते आणि कन्सोलही (गेम खेळायचं यंत्र) बिघडलेला नसतो. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. एलियनवेअरच्या एम१८एक्ससारख्या मोजक्या जुन्या मॉडेल्सना एचडीएमआय इनपुट होतं, बाकी जवळपास कुठल्याच लॅपटॉपला नसतं. त्यामुळे केबल बदलून किंवा साधा कन्व्हर्टर आणून उपयोग होत नाही. मार्ग दोनच आहेत: वायफायवरून रिमोट प्ले, म्हणजे कन्सोलवर चालणारा गेम नेटवर्कवरून लॅपटॉपवर पाहून खेळणं, नाहीतर कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र यूएसबीवाटे लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं उपकरण.

आधी टीव्हीसमोर बसून करायची कामं

दोन्ही मार्गांसाठी कन्सोलच्या सेटिंग्ज आधी बदलाव्या लागतात आणि ते करायला एकदा तरी टीव्ही हवा. कन्सोल होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीवर नेणार असाल तर घरून निघण्याआधीच हे उरकून घ्या.

पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट प्ले असं जाऊन ते सुरू करा. पॉवर सेव्हिंगमध्ये जाऊन रेस्ट मोडमध्येही इंटरनेट जोडलेलं राहील आणि नेटवर्कवरून कन्सोल चालू करता येईल, हे दोन पर्याय निवडा. मग सिस्टम, एचडीएमआय इथे जाऊन एचडीसीपी बंद करा. एचडीसीपी म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. ते चालू असेल तर कॅप्चर कार्डावर काळा पडदा दिसतो. बंद केल्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स कन्सोलवर चालत नाहीत, गेम मात्र व्यवस्थित चालतात. पीएस४ मध्ये हाच पर्याय थेट सिस्टमखाली आहे. एक्सबॉक्सवर डिव्हाइसेस अँड कनेक्शन्समधलं रिमोट फीचर्स सुरू करा.

खर्च करण्याआधी रिमोट प्ले

पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्स वन किंवा त्यापुढचे कन्सोल असतील तर आधी हेच करून पाहा, कारण यात एक रुपयाही खर्च नाही. लॅपटॉपवर पीएस रिमोट प्ले किंवा एक्सबॉक्स ॲप टाका, कन्सोलवर आहे त्याच खात्याने लॉगिन करा आणि कंट्रोलर यूएसबीने लॅपटॉपला जोडा. पीएस५ आणि पीएस४ प्रो १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र देतात, साधा पीएस४ ७२०पी पर्यंतच जातो. सोनी किमान ५ एमबीपीएस वेग मागते आणि १५ ची शिफारस करते.

चित्र अडखळायला लागलं की लोक इंटरनेट कंपनीला दोष देतात. पण कन्सोल आणि लॅपटॉप एकाच घरात असतील तर बहुतेक वेळा अडचण घरातल्या वायफायचीच असते. कन्सोलला राउटरपासून लॅन केबल द्या आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. एवढ्याने बराच फरक पडतो.

कॅप्चर कार्ड

निन्टेंडोच्या स्विचला रिमोट प्लेची सोय नाही, त्याला कार्डच लागतं. स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवायचा आणि डॉकची एचडीएमआय केबल कार्डात लावायची. स्विच लाइट मात्र घेऊ नका, तो चित्र बाहेर देतच नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पेनड्राइव्हएवढं स्वस्त कार्ड मिळतं आणि त्याच्या खोक्यावर ठळक ‘४के’ छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका. ४के संकेत कार्डात शिरतो एवढाच त्याचा अर्थ, बाहेर १०८०पीच येतं. १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने न दाबता पाठवायचं तर सुमारे २ गिगाबिट डेटा लागतो, आणि यूएसबी २.० ची कमाल मर्यादा आहे ४८० मेगाबिट. म्हणून ही कार्डं चित्र दाबून पाठवतात, आणि १०८०पी ला बहुतेकदा ३० फ्रेमवरच थांबतात. अशा कार्डावर ७२०पी आणि ६० फ्रेम निवडा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण बटण दाबल्यावर गाडी वेळेवर वळेल. फायटिंग गेम किंवा ऑनलाइन नेमबाजी खेळत असाल तर यूएसबी ३.० चं कार्डच घ्या, स्वस्त कार्डावर होणारा उशीर तिथे सामना हरवतो.

जोडणी सोपी आहे. कार्ड लॅपटॉपला लावा आणि ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. सोर्सेसमध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करून ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या, कार्डाचं नाव निवडा, रिझोल्युशन ‘कस्टम’ करून आकडे स्वतः भरा आणि बफरिंग बंद करा. आवाज येत नसेल तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘मॉनिटर अँड आउटपुट’ ठेवा. शेवटी सोर्सवर उजवं क्लिक करून फुलस्क्रीन प्रोजेक्टर निवडा, म्हणजे पडदाभर गेम दिसेल. खेळताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा, कारण बॅटरी वाचवण्याच्या नादात तो प्रोसेसरचा वेग कमी करतो.

पीएस३ आणि पीएस२

पीएस३ चं एचडीसीपी बंद करता येत नाही, म्हणून त्याची एचडीएमआय केबल इथे कामाची नाही. पीएस३ आणि पीएस२ दोन्हींसाठी पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची एव्ही केबल आणि एव्ही घेणारं यूएसबी कार्ड वापरा. पीएस३ च्या नव्या गेममधली बारीक अक्षरं वाचताना त्रास होईल. भारतात विकले गेलेले पीएस२ पाल या जुन्या टीव्ही-चित्र पद्धतीचे आहेत, तेव्हा ओबीएसमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड पाल ठेवा. हलत्या चित्राच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर सोर्सवर उजवं क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ निवडा, आणि गेम वाइडस्क्रीन नसेल तर चित्र ताणून पडदा भरण्यापेक्षा ४:३ च राहू द्या.