स्लीप घ्यावा का? आधी समोरच्यांचे एचपी मोजा

डीअँडडीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा खेळ) पहिल्यांदा विझार्ड म्हणजे जादूगार घेतला की फर्स्ट लेव्हलचे स्पेल, म्हणजे मंत्र, निवडताना बरेच जण स्लीपपाशी येऊन अडकतात. डॅमेज शून्य, नुसतं झोपवायचं, मग स्लॉट (मोजकेच मिळतात, स्पेल टाकला की एक संपतो) कशाला घालवा त्यात? मलाही तसंच वाटायचं. आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, हा स्पेल डॅमेजच्या फूटपट्टीने मोजू नका, समोरच्यांचे आत्ता या क्षणाला किती एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद) शिल्लक आहेत ते बघा. मी २०१४ च्या फिफ्थ एडिशनच्या नियमांबद्दल बोलतोय, २०२४ वालं शेवटी सांगतो.

तर ९० फुटांच्या आत एक पॉइंट धरायचा, त्याभोवती २० फूट त्रिज्या, म्हणजे नकाशावर चारी बाजूंना चार-चार चौकोन. ५डी८ टाकायचे, म्हणजे आठ बाजूंचे पाच फासे, आणि बेरीज करायची. सगळ्यात कमी एचपीवाल्यापासून सुरुवात करून एकेकाचे एचपी त्या बेरजेतून वजा करत जायचे, तो तो आडवा होतो, आणि पुढच्याचे एचपी उरलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाले की तिथेच थांबायचं. सेव्हिंग थ्रो (समोरच्याने फासा टाकून मंत्रातून वाचायचा प्रयत्न) नाही, कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लक्ष धरून ठेवणं) पण नाही. निम्मी किंमत तर या दोन ‘नाही’ची आहे.

५डी८ ची सरासरी साडेबावीस. समजा समोर चार गॉब्लिन (छोटे राक्षस) आहेत, प्रत्येकी ७ एचपी. दोघं जवळपास नक्की झोपतात. तिघांसाठी २१ लागतात, ते साधारण तीनात दोनदा येतात, आणि चौघं एकदम झोपवायला २८ पाहिजेत, ते सहात एखाद्या वेळी. त्याच स्लॉटमधे मॅजिक मिसाइल हा स्पेल सगळे बाण धरून साडेदहा डॅमेज देतो. बर्निंग हँड्स प्रत्येकाला साडेदहा देतो खरा, पण सगळे १५ फुटी कोनात यायला हवेत आणि सेव्ह लागला की निम्मंच, म्हणजे गॉब्लिन बहुतेक वेळा उभाच. याउलट ताजातवाना ओगर (धिप्पाड राक्षस), ५९ एचपी, पाचही डाइसवर आठ पडले तरी ४० होतात, तो ढेकर देऊन पुढे येणार. पण फायटरने हाणून हाणून त्याला विसावर आणलं असेल तर तोच ओगर घोरायला लागायची चांगली शक्यता आहे. डीएम (खेळ चालवणारा) आकडा सांगत नाही म्हणून मी प्रत्येकाने किती डॅमेज केलं ते कागदाच्या कोपऱ्यात लिहीत जातो आणि "आता कसा दिसतोय रे तो?" असं बिनधास्त विचारतो.

आता माझी फजिती. आमचा फायटर चार गॉब्लिनांच्या मधोमध, त्याचे ६ एचपी उरलेले, आणि मी उत्साहात स्लीप टाकला, बेरीज आली २४, टेबलावर जल्लोष, मग डीएमने शांतपणे विचारलं की सर्कलमधे सगळ्यात कमी एचपी कोणाचे? पहिला आमचाच भिडू झोपला. उरले १८, त्यात दोन गॉब्लिन गेले, उरले ४, आणि बाकीचे दोघं जागे, थेट त्याच्या उशाशी. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून हल्ला लागला की क्रिटिकलच (डॅमेजचे फासे दुप्पट) असतो, पुढचं सांगत नाही. तेव्हापासून लढाई सुरू व्हायच्या आधीच मी ओरडतो, "पहिला टर्न माझा होईपर्यंत कोणी घुसू नका."

झोपवल्यावर काय करायचं हे पण आधी ठरवा, कारण स्पेल एक मिनिट म्हणजे दहाच राउंड टिकतो, मार बसला की झोपलेला जागा होतो, किंवा त्याचा मित्र ॲक्शन खर्चून त्याला हलवून उठवतो. (ती ॲक्शन वाया गेली हा पण आपलाच फायदा.) आम्ही आधी जागे असलेले संपवतो, मग झोपलेल्यांकडे वळतो, एकावर एकच जण, जवळ जाऊन. क्रिटिकलचा नियम इथे आपल्या बाजूने. लांबून बाण मारू नका, क्रिटिकल मिळत नाही आणि आडव्या पडलेल्याला लांबून नेम धरायचा डिसअ‍ॅडव्हांटेज अ‍ॅडव्हांटेज खाऊन टाकतो (पहिल्यात दोन फाशांतला कमी आकडा धरतात, बेशुद्धावर मिळणाऱ्या दुसऱ्यात जास्त). कैदी हवा असेल तर दोरी काढा.

कधी घेऊ नये? मोहीम थडग्यांतून असेल तर नकोच, अनडेडवर (मेलेले पण चालते-फिरते) चालत नाही, जे चार्म होत नाहीत, म्हणजे जादूने भुलत नाहीत, त्यांच्यावरही नाही, आणि एल्फ, हाफ-एल्फ, ड्राव या जमाती जादूने झोपतच नाहीत. पहारेकरी गुपचूप झोपवायचा प्लॅन असेल तर मंत्र तोंडाने म्हणावा लागतो हे विसरू नका. सामानात चिमूटभर वाळू, गुलाबाच्या पाकळ्या किंवा ‘क्रिकेट’ लिहिलंय, ते बॅट-बॉल नव्हे, रातकिडा.

लेव्हल एक-दोनला यानेच लढाई सुरू करा, तीन-चारला जखमींवर शेवटी टाका. पाचव्या लेव्हलला मात्र थर्ड लेव्हलच्या स्लॉटमधे तो सरासरी ४० एचपी उचलतो, सगळ्यांत मिळून, आणि फायरबॉल त्याच स्लॉटमधे प्रत्येकाला २८ देतो, मग काय बोलायचं. विझार्डने सरळ प्रिपेअर करणं (दिवसापुरता निवडून ठेवणं) सोडावं, सॉर्सरर-बार्डने (हेही मंत्र टाकणारेच) लेव्हल वाढताना बदलून टाकावा.

२०२४ च्या नियमांत मात्र हा हिशोबच गेला. तिथे ५ फुटांची त्रिज्या, विझ्डम सेव्ह (मनोबलावरचा सेव्हिंग थ्रो), पहिल्यांदा फसला तर तो नुसता हतबल, पुढच्या टर्नच्या शेवटी परत फसला तर झोप, आणि वर कॉन्सन्ट्रेशन. एचपी बघायचीच गरज नाही, म्हणजे तो ताजातवाना ओगर पहिल्याच राउंडला धरता येतो, त्याचा विझ्डम तसाही कच्चाच आहे.